उलटा वळलेला केस

ताप उतरल्यावर आज पहिल्यांदा आरशासमोर निवांत बसले. भुवया रानासारख्या वाढलेल्या. पार्लरपर्यंत जायचं बळ नव्हतं, म्हणून आईचा जुना चिमटा काढला. कोमट पाण्यात भिजवून पिळलेला रुमाल कपाळाशी टेकवला, त्वचा ताणून धरली आणि केस ज्या दिशेने उगवतो त्याच दिशेने एकेक उपटत गेले. फक्त कमानीखालचे. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरू नये म्हणून या भुवया. गेल्या आठवड्यात त्यांनी किती घाम अडवला असेल!

डाव्या भुवईच्या टोकाशी एक केस उलटा वळतो. आईचाही तिथेच वळायचा. चिमटा त्याच्यापाशी नेला आणि हात थांबला. फ्रिदा काहलोने स्वतःच्या जुळलेल्या भुवया चित्रांत तशाच रंगवल्या, ते आठवलं.

तो केस राहू दिला. आज तरी.