सगळ्यांदेखत

राळेगणसिद्धीला येणारे पाहुणे नालाबांध, पाझर तलाव, समतल चर पाहतात, फोटो काढतात आणि परततात. तिथलं सर्वांत अवघड काम फोटोत येत नाही. पारनेर तालुक्यातलं हे दुष्काळी गाव, पाऊस वर्षाला चार-पाचशे मिलिमीटर, तोही लहरी. लष्करातून परतलेल्या अण्णा हजारेंनी आधी पदरचे पैसे घालून यादवबाबांचं देऊळ दुरुस्त केलं. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी पुढे गावाच्या गळी उतरली, त्यात या पैशांचा वाटा मोठा असावा. सांगणाऱ्याचं स्वतःचं काय पणाला लागलंय, हे माणूस आधी बघतो.

पण तेवढ्यानं भागत नाही. मी शेळ्या डोंगरावर सोडल्या नाहीत आणि शेजाऱ्यानं सोडल्या तर? म्हणून ग्रामसभा लागते: तिथे बंदीच्या बाजूनं वर झालेला त्याचा हात मला दिसतो, माझा त्याला, आणि दोघांनी पाहिलं हेही दोघांना ठाऊक असतं. अमेरिकी तत्त्वज्ञ डेव्हिड लुईस यांनी 1969 मध्ये रूढी कशा टिकतात ते अशाच परस्परांच्या जाणिवेवरून उलगडलं. (गावाच्या नजरेला धारही असते. दारू पिणाऱ्यांना खांबाला बांधून मारल्याच्या हकिकती याच गावच्या.)

आता शेतकऱ्याच्या फोनवर राज्याच्या कृषी विभागाचं ‘महाविस्तार’ ॲप आहे. मराठीत विचारा, यंत्र मराठीत उत्तर देतं. लोक त्यालाच माणूस समजतील, अशी शहरी काळजी ऐकू येते. हायडर आणि सिमेल या मानसशास्त्रज्ञांनी 1944 मध्ये त्रिकोण-वर्तुळांचा छोटा चित्रपट दाखवला, तर बहुतेक प्रेक्षकांना त्यात दांडगाई आणि पाठलाग दिसला. आपली खोडच ती. बैलाशी गप्पा मारणारा शेतकरी त्याला हिशेब मात्र विचारत नाही, म्हणून मला याची फारशी धास्ती नाही.

धास्ती वेगळी आहे. फोन प्रत्येकाला एकेकटं उत्तर देतो. मला कांदा लाव म्हणाला; शेजाऱ्याला काय म्हणाला, कोण जाणे. दोघांच्या विहिरींना पाझर एकाच खडकातून. दोघांची उत्तरं आपापल्या जागी चोख, आणि चैत्रात दोन्ही विहिरी कोरड्या.

तेव्हा तो फोन ग्रामसभेत ठेवावा, आवाज मोठा करून. यंदा विहिरींत पाणी किती, त्यात गावानं कांदा किती एकर करावा, हे मोठ्यानं विचारावं. एखादा म्हातारा फोनलाच विचारील, “तुझी विहीर कुठंय बाबा?” मग एकरांवरून भांडण जुंपेल, आणि कोण किती मागतोय हे निदान सगळ्यांच्या कानावर पडेल.