जिमखान्याची किल्ली

अम्मीने माझ्या कॉलेजच्या पावत्या ट्रंकेत जपून ठेवल्या होत्या. परवा त्या हाती लागल्या. तिन्ही वर्षांच्या पावत्यांवर ‘जिमखाना फी’चा रकाना आहे. पैसे भरले, पण जिमखान्याची पायरी मी एकदाही चढलो नाही. आमच्या घरी हिशोब सरळ होता. खेळणारा पोरगा वाया जातो, शिकणारा नोकरीला लागतो. यंत्रमागावर बारा-बारा तास उभं राहून शिकवणाऱ्या अब्बांना मी दोष देत नाही. नोकरी मिळाली. 42व्या वर्षी शुगरही मिळाली. विशीत हसत केलं असतं, ते आता गोळीसारखं रोज घेतो.

मी कॉलेजात शिकवतो. नव्या धोरणात पहिल्या वर्षाच्या मुलांना खेळ, योग वगैरेंचे क्रेडिट मिळतात. त्यावर पहिला प्रश्न येतो, “सर, मैदानावर यायलाच लागतं का?” मला रागावता येत नाही. मीही हेच विचारलं असतं.

गेल्या वर्षी बी.ए.च्या एका मुलीला धावायचं होतं. शाळेत असताना ती जिल्ह्यापर्यंत गेलेली. आमच्याकडे मात्र मुलींची नावं यादीत असत, मैदानावर मुली नसत. ‘आपल्या मुली खेळत नाहीत’ म्हणून आम्ही सगळे मोकळे. त्यात मीही. चौकशी केली तर मुलींना कपडे बदलायला खोलीच नव्हती. जिमखान्याची किल्ली शिपायाकडे. तो दहाला येणार, पाचला जाणार. सराव साडेचारला सुरू.

तिच्या वडिलांना भेटायला गेलो. मजहबचा मुद्दा निघेल म्हणून तयारीत होतो. पैगंबर साहेबांनी हजरत आयेशांबरोबर धावण्याची शर्यत लावली होती ती हदीस, 2022 साली जगज्जेती झालेली निजामाबादची निखत झरीन, सगळं जिभेवर होतं. ते काहीच काढावं लागलं नाही. त्यांनी चहा पुढे केला आणि विचारलं, “सर, सहाची एस.टी. चुकली तर पुढची साडेसातला. फाट्यावरून घरापर्यंत अंधारात तिने कसं यायचं?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

1952च्या हेलसिंकी ऑलिंपिकला खाशाबा जाधवांना पाठवण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवलं होतं. खाशाबा कांस्यपदक घेऊन आले. आमच्याकडून तर फक्त वेळ बदलायची होती! तेवढ्यासाठीही तीन अर्ज लागले. शेवटी सराव सकाळी सातला आला, कारण पहाटेची पहिली गाडी तिला मिळत होती. जुन्या उत्तरपत्रिकांची खोली रिकामी करून घेतली. किल्लीची नक्कल मी बाजारातून साठ रुपयांत करून आणली.

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत 800 मीटरला ती सहावी आली. पदक नाही, पेपरात फोटो नाही. पण पुढच्या आठवड्यात आणखी चौघी आल्या. दोघी त्या खोलीत बुरखा ठेवतात, एक स्कार्फ बांधूनच धावते. चौथी म्हणाली, मला शर्यतबिर्यत नको, नुसतं चालायचंय. तिलाही किल्ली कुठे असते ते सांगितलं.

पोरांनो, जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला निदान 150 मिनिटांचा व्यायाम सांगते. रोजची वीस-बावीस मिनिटं झाली. तेवढ्यात तुमचा एक चहा होतो, कट्ट्यावरचा.

सकाळी मीही त्याच मैदानाला फेऱ्या मारतो. काल माझी तिसरी फेरी होईपर्यंत ती पोरगी मला दोनदा ओलांडून गेली. दुसऱ्या वेळी मागे वळून ओरडली, “सर, हात हलवा की जरा!”