आईच्या खोलीतील गर्द हिरवा

पाऊस सरून भिंती सुकल्या की नाताळापूर्वी घराला रंग द्यावयाचा, ही बेळगावातील आमच्या घराची जुनी रीत. वडिलांच्या काळी रंग म्हणजे पांढरा चुना. फार तर त्यात चिमूटभर नीळ. गेल्या वर्षी मात्र आम्हांस गर्द हिरव्याचा ध्यास लागला. जांबोटीच्या वाटेवर श्रावणात रानाची जी काळपट हिरवाई दृष्टीस पडते, ती आईच्या खोलीत आणावी, तिला अंथरुणावरून रान दिसावे, असा आमचा भाबडा हेतू होता.

"हिरवा चुडा हातात शोभतो रे, भिंतीला कशाला?" एवढेच आई म्हणाली. शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी तर हिरवा रंग विषारी असतो, असे बजावले. त्यांचे बोलणे अगदीच निराधार नव्हते. शील नामक रसायनज्ञाने १७७५ साली तांबे आणि सोमल यांपासून एक सुरेख हिरवा रंग सिद्ध केला आणि पुढे युरोपातील कित्येक घरांच्या भिंतींवरील कागदांत तो विषारी रंग शिरला. आजच्या हिरव्यात सोमल नसतो. घरगुती रंगांतील शिशावरही आपल्या देशात २०१७ पासून दहा लाखांत ९० भाग अशी मर्यादा आहे. भीती आहे ती जुन्या तैलरंगाची; तो कोरडा घासू नये, पाणी लावून घासावा.

दुकानात आम्ही आगपेटीएवढ्या चौकोनावरून रंग पसंत केला, तोही दुकानाच्या पांढऱ्या दिव्याखाली. चारही भिंती, आणि सारे एकजीव दिसावे म्हणून दाराची चौकटसुद्धा, आम्ही त्याच रंगात बुडविली. दिवसा खोली खरोखरच रानासारखी भासली. रात्री पिवळा दिवा लागताच हिरव्याचा शेवाळी तपकिरी झाला. पांढरी भिंत अंगावर पडलेल्या प्रकाशाचे शंभरातील सुमारे ऐंशी भाग परत देते. असा गर्द हिरवा जेमतेम दहा.

तिसऱ्या रात्री आई पाणी पिण्यास उठली. एक्याऐंशी वर्षांचे वय, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही नजर अधू. भिंत कोठे संपते आणि दार कोठे सुरू होते हे तिला उमगेना. ती चाचपडत गेली आणि उंबरठ्याला अडखळून पडली. हाड मोडले नाही, ही परमेश्वराची कृपा. परंतु मनगट पंधरा दिवस सुजलेले होते. "अहो, रान आणलेत खरे," आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "पण आईंना वाट कोण दाखविणार?"

आम्ही निरुत्तर झालो. रंगाऱ्याला पुन्हा बोलावले. आपण दिलेला रंग आपणच झाकावयाचा म्हणून तो मनापासून कुरकुरला. प्रायमरच्या एका हाताने हिरवा दबला नाही, दोन द्यावे लागले. या वेळी आम्ही घाई केली नाही. दोन फुटी पुठ्ठ्यांवर दोन-दोन हात देऊन ते सकाळी, दुपारी आणि दिव्याच्या उजेडात भिंतीभिंतीला लावून पाहिले. शुभ्र पांढरा हिरव्याशेजारी डोळ्यांना टोचला. किंचित पिवळसर साय-रंग मात्र सहज जुळला. खिडकीची भिंत गडद असली की बाहेरचा उजेड डोळ्यांवर येतो, म्हणून ती साय-रंगी केली. तिच्या समोरची भिंतही तशीच, उजेड परत फेकण्यासाठी. हिरवी राहिली ती केवळ दाराची भिंत. तिच्यातील चौकट आणि दिव्याच्या बटणांची पाटी मात्र पांढरी.

खोलीतील जुना लाल कोबा आता कधी नव्हे इतका उठून दिसतो. तांबडा आणि हिरवा शेजारी आले की एकमेकांस अधिक तेजस्वी करतात, हे शेव्हरल या फ्रेंच रसायनज्ञाने १८३९ साली आपल्या ग्रंथात सविस्तर मांडले होते. नऊवारीस लाल काठ लावणाऱ्या विणकरांस ते बहुधा आधीच ठाऊक असावे! सागवानी पलंग आणि पितळी मेणबत्तीदाण्याही या रंगाशेजारी खुलल्या. निळा पडदा तेवढा काढावा लागला.

आई आता रात्री एकटी उठते. "दार दिसते रे," म्हणते. रंगाविषयी तिने अद्याप काही म्हटलेले नाही, आम्हीही विचारलेले नाही. उरलेला अर्धा डबा माळ्यावर आहे. स्वयंपाकघराच्या दारास तो लावावा असे आमचे मत, सौभाग्यवतींचे नाही.