पेरू, खड्डे आणि शॉकअप

शिर्डीला जाताना राहाता ‘लागतं’. नगरहून मनमाडच्या रस्त्याला लागलात की राहुरी, कोल्हार, बाभळेश्वर आणि मग राहाता. तिथून शिर्डी अवघी पाच-सहा किलोमीटर. त्यामुळे बहुतेकांसाठी हे गाव म्हणजे ‘चला, आलंच आता’ म्हणत मागच्या सीटवरच्यांना उठवायची जागा. फार तर कडेला गाडी लावायची, पेरू घ्यायचे, तिखट-मीठ लावून खायचे आणि सुटायचं. पण तुमच्याकडे सात-आठ वर्षं वापरलेली स्विफ्ट, वॅगनआर, आय-टेन अशी घरची गाडी असेल, आणि तिच्यात आई-बाबा, मुलं, बॅगा, पाण्याचा कॅन असा नेहमीचा संसार असेल, तर राहात्यात जरा जास्त वेळ थांबा. आपल्या गाडीची खरी तब्येत कळायला याच्याइतकं फिट्ट ठिकाण नाही.

कारण इथे दोन टोकांचे रस्ते हाकेच्या अंतरावर आहेत. एक नगर-मनमाड महामार्ग. सावळीविहीरपासून नगर बायपासपर्यंतच्या या पट्ट्याने गेल्या काही वर्षांत खड्ड्यांसाठी, अपघातांसाठी आणि रास्ता रोकोसाठी पेपरात भरपूर जागा मिळवली. तुम्ही जाल तेव्हा कुठला तुकडा गुळगुळीत असेल आणि कुठला खणून ठेवलेला, यावर पैज लावू नका. दुसरा समृद्धी महामार्ग. शिर्डी ओलांडून कोपरगावच्या बाजूला कोकमठाणजवळ तुम्ही त्याच्यावर चढता. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला, आणि ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडा जोडला जाऊन ७०१ किलोमीटर पूर्ण झाले. काँक्रीट, सरळसोट, सपाट भागात कारला ताशी १२० ची परवानगी. म्हणजे ज्या गाडीने आत्ता तासभर खड्डे खाल्ले, तीच गाडी थोड्याच वेळात १२० वर. मधे गाडीला साधा दम खायलाही वेळ नाही!

रस्त्याची ही दशा का, याला ठेकेदार-अधिकारी वगैरे उत्तरं सगळ्यांना पाठ आहेत. पण पायाखाली बघितलंत तर आणखी एक कारण दिसतं. ही काळी माती. पाणी प्याली की फुगते, वाळली की आक्रसते आणि भेगाळते. वर गोदावरीच्या उजव्या कालव्याचं पाणी, त्यावर ऊस आणि फळबागा. लोणीचा प्रवरा कारखाना १९५०-५१ च्या सुमाराला सुरू झाला, देशातल्या सहकारी साखर कारखान्यांचा तो मूळपुरुष. शिवाय तालुक्यातच गणेशनगरचा कारखाना, आणि शेजारच्या कोपरगावातले वेगळे. दिवाळीनंतर गळीत हंगाम लागला की उसाच्या डबल ट्रॉल्या याच रस्त्यावर. फुगणारी-आकसणारी जमीन, तिच्यावर डांबराचा थर आणि थरावर शेकडो टन ऊस. ज्या पाण्याने राहात्याचा पेरू गोड केला, त्याच पाण्याचा रस्त्याच्या हालाखीतही थोडा हात आहे.

(पेरूवरून आठवलं. महाराष्ट्रात सगळीकडे दिसणारा ‘सरदार’ पेरू, ज्याला लखनौ-४९ असंही म्हणतात, तो निवडला गेला पुण्याच्या गणेशखिंडीत, १९२७ साली. नाव लखनौचं, जन्म पुण्याचा!)

आता मुद्दा. ‘हॅण्डलिंग’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर घाटातली वळणं आणि करकचणारे टायर येतात. २००१ मध्ये ‘द फास्ट अँड द फ्यूरिअस’ आला आणि अनेकांच्या डोक्यात ते कायमचं घर करून बसलं. राहात्याच्या रस्त्यावर हॅण्डलिंगचा अर्थ वेगळा आहे. संध्याकाळचे साडेसात. समोरून येणाऱ्याचा अप्पर डोळ्यात. पुढे एक ट्रॉली, मागे रिफ्लेक्टर असेल-नसेल. डाव्या कडेने पायी चाललेली पालखी, कारण रामनवमी किंवा गुरुपौर्णिमा जवळ आली की शिर्डीच्या वाटांवर पदयात्री असतातच. आणि अचानक हेडलाइटमध्ये खड्डा. आता स्टिअरिंग जरासं उजवीकडे, लगेच डावीकडे, मधे अर्धा ब्रेक. या दीड सेकंदात गाडी तुमचं ऐकते की आधी डोलते आणि मग ऐकते, एवढाच प्रश्न आहे. ऐकली नाही तर त्याची किंमत डाव्या कडेने चालणारा मोजतो. साईबाबा स्वतः राहात्यापर्यंत पायी येत असत. राहाता आणि नीमगाव याच्या पलीकडे ते गेले नाहीत, असं साईचरित्र सांगतं. हा रस्ता मूळचा चालणाऱ्यांचा आहे, हे स्टिअरिंग हातात असताना विसरून चालत नाही.

गाडी डोलते ती शॉकअपमुळे. स्प्रिंगचं काम वजन पेलायचं आणि दणका गिळायचा. शॉकअपचं काम स्प्रिंगची उडी थांबवायची. आत तेल असतं, ते बारीक भोकांतून ढकललं जातं आणि उडीची ताकद उष्णता होऊन निघून जाते. सील गेलं, तेल गळलं की स्प्रिंग मोकाट. मग टायर रस्त्यावर टेकण्यापेक्षा टपटपत जातो. ब्रेक दाबलात तेव्हा टायर हवेत असेल तर जगातला कुठलाही ब्रेक काय करणार? एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांत एबीएस सक्तीचं झालं, त्याचीही हीच गोची. एबीएस टायर लॉक होऊ देत नाही, पण टायर रस्त्याला चिकटवून ठेवणं त्याच्या हातात नाही.

आणि गंमत म्हणजे हे बिघडणं इतकं हळूहळू होतं की रोज चालवणाऱ्याला कळतच नाही. आपण सवय करून घेतो. ‘गाडी जरा तरंगते’, ‘मागे बसलं की मळमळतं’, ‘पुढून कट-कट आवाज येतो, पण तो येतोच’. घरच्या गाडीबद्दल आपली सहनशक्ती नवरा-बायकोच्या नात्यालाही लाजवेल! म्हणून राहात्यात पेरू खाताना एक साधी गोष्ट करा. गाडीचा एकेक कोपरा दोन्ही हातांनी जोरात खाली दाबा आणि सोडा. एकदा वर येऊन स्थिरावली तर ठीक. दोन-तीनदा झुलली तर शॉकअपने राम म्हटलाय. टायरवरून तळवा फिरवा. चढ-उतार, लाटा लागल्या तर तेच. शॉकअपची नळी तेलाने ओली आणि तिच्यावर धूळ बसून चिखल झालेला असेल, तर विचारायचंच नाही.

खर्चाचं म्हणाल तर लोक उलट्या क्रमाने पैसे घालवतात. आधी मोठे अलॉय व्हील्स, मग बाकी. सतरा इंची रिम आणि कागदासारखा पातळ साइडवॉलचा टायर मरीन ड्राइव्हवर झक्कास दिसतो; कोल्हारच्या पुढे तोच टायर पहिल्या कडक खड्ड्यात रिमसकट वाकतो. टायरची उंची हीसुद्धा एक स्प्रिंगच आहे. आणि गाडी खाली बसवणाऱ्या लोअरिंग स्प्रिंगबद्दल इथे बोलायचं म्हणजे राहात्याच्या स्पीडब्रेकरचा अपमान.

आधी बदलायचं ते रबर. लोअर आर्मचे बुश, स्टॅबिलायझरचे लिंक रॉड, पुढच्या शॉकअपचं माउंटिंग. ही फालतू दिसणारी मंडळी झिजली की स्टिअरिंग आणि चाक यांच्यात मधे कुणीतरी टाइमपास करत बसल्यासारखं वाटतं. ती ‘कट-कट’ बहुधा लिंक रॉडची असते. छोट्या गाडीची लिंक रॉडची जोडी दीड-दोन हजारांच्या घरात बसते आणि गाडी दोन वर्षांनी तरुण झाल्यासारखी वाटते. त्यानंतर शॉकअप. नेहमी जोडीने, पुढचे दोन किंवा मागचे दोन; एकच बदलला तर गाडी एका बाजूला शहाणी आणि दुसरीकडे वेडी. चांगल्या कंपनीचे चारही, माउंटिंग आणि मजुरी धरून, साधारण दहा ते पंधरा हजार. इम्पोर्टेड नावांच्या मागे धावायची गरज नाही. गॅब्रिएल १९६१ पासून आपल्याकडे शॉकअप बनवतेय, चाकणला तिचा कारखाना आहे, आणि अनेक गाड्यांना कंपनीतूनच हे शॉकअप लागून येतात. हे झालं की अलाइनमेंट, बॅलन्सिंग. आधी नाही, नंतर. झिजलेल्या बुशवर केलेलं अलाइनमेंट म्हणजे हलत्या टेबलावरची रांगोळी.

एक वाद मात्र हमखास होतो, बफरचा. स्प्रिंगच्या वेटोळ्यांमध्ये बसवायचे ते रबरी किंवा पारदर्शक गोळे. हजार-दोन हजारांत गाडी वर उचलली जाते, फुल लोडवर स्पीडब्रेकरला पोट घासत नाही, त्यामुळे गिऱ्हाईक खूश. माझं मत विचाराल तर नको. बफर त्या जागेवरच्या वेटोळ्यांना काम करू देत नाही. म्हणजे उरलेली स्प्रिंग कडक, दणका थेट माउंटिंगला आणि तुमच्या कमरेला, आणि शॉकअपला न झेपणाऱ्या उड्या. रिकाम्या गाडीला तर मागून अंगात आल्यासारखं होतं. मागची गाडी खरोखर बसली असेल तर दमलेल्या स्प्रिंगच बदला. बाहेरून सीएनजी बसवलेल्यांनी हे जास्त लक्षात घ्यावं. सिलिंडरचं वजन कायम मागच्या चाकांवर असतं, म्हणूनच कंपनीच्या सीएनजी मॉडेलचं सस्पेन्शन वेगळं ट्यून केलेलं असतं. तुमच्या गाडीचं तसं मॉडेल असेल तर त्याच्या मागच्या स्प्रिंगची चौकशी करा.

कायद्याची भीती घालणारेही भेटतील. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर निकाल दिला, तो आरसी बुकातल्या मूळ तपशिलाशी न जुळणाऱ्या बदलांबद्दल होता. त्याच मापाचे नवे शॉकअप, बुश, टायर ही दुरुस्ती आहे, तिला कुणी हरकत घेणार नाही. शंका येते ती गाडी उचलणं-बसवणं, रुंद चाकं बाहेर काढणं अशा हौशींना. टायर एक माप वर न्यायचाच असेल तर आपल्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिएंटला कंपनी कुठलं माप देते ते बघा आणि त्याच्या पुढे जाऊ नका.

टायरवर मात्र कंजुषी नको, कारण राहात्यानंतर समृद्धी आहे. २०२३ मध्ये परिवहन विभागाने समृद्धीच्या तोंडाशी टायर तपासायला सुरुवात केली आणि घासलेल्या टायरवाल्यांना परत पाठवलं, ते उगाच नाही. नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की कायद्यानेही टायर बाद. पण नक्षी छान आणि टायर म्हातारा असंही होतं. साइडवॉलवर चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. खड्ड्यात दणका खाल्लेल्या टायरला बाजूला बेडकासारखा फुगवटा आला असेल तर आत दोरे तुटलेत. त्या टायरवर १२० तर सोडाच, शिर्डीपर्यंतही नको, स्टेपनी लावा. हवा कमी असेल तर टायर प्रत्येक फेऱ्याला दबतो, वाकतो, तापतो, आणि एप्रिल-मेच्या दुपारी खालचं काँक्रीटही तापलेलंच असतं. ‘उन्हाळा आहे, हवा कमीच ठेवा’ हा सल्ला देणाऱ्याला नमस्कार करा आणि पुढे जा. नायट्रोजनचाही फार बाऊ करू नका, साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच. आकडा महत्त्वाचा, आणि तो ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर छापलेला असतो. दोघांसाठी एक, फुल लोडसाठी दुसरा. बरेच जण पहिलाच वाचतात. हवा टायर थंड असताना मोजायची, त्यामुळे नगरहून धावत आल्या आल्या नाही. रात्री राहात्यात किंवा शिर्डीत मुक्काम असेल तर सकाळी, निघायच्या आधी.

आणि पेरूचे दोन क्रेट घेतलेत तर डिकीच्या टोकाला टाकू नका. मागच्या सीटच्या पायाशी, जमेल तेवढे पुढे आणि खाली. नाहीच मावले, आजीचे पाय तिथे आहेत, तर डिकीत सीटच्या पाठीला टेकवून ठेवा, आणि मागच्या टायरला फुल लोडचा आकडा.