अर्धी ओंजळ दूध

औषधांच्या दुकानात माझ्यापुढे एक कॉलेजातली मुलगी उभी होती. पाठीवरच्या सॅकमधून रंगीत कागदाची गुंडाळी डोकावत होती. तिनं कॅल्शियमच्या गोळ्या मागितल्या, खोकं उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाली, "काका, जरा न चेपलेलं द्या ना. आईला वाढदिवसाला द्यायचंय." काकांनी खोकं बदलण्याआधी विचारलं, "आई आणखी काय काय घेते?" मुलीनं न अडखळता सांगितलं. सकाळी उठल्याबरोबर थायरॉईडची, नाश्त्यानंतर रक्तदाबाची. कॅल्शियम डॉक्टरांनी लिहून दिलंय, पण ते आणायचं राहूनच जातं. "मग थायरॉईडच्या गोळीनंतर चार तास तरी जाऊ देत," काका म्हणाले, "नाहीतर ती अंगी लागत नाही. हे रात्री जेवल्यावर दे." मुलीनं पेन काढलं आणि नव्या खोक्यावर ठळक अक्षरांत लिहिलं, 'रात्री जेवल्यावर'.

आईच्या गोळ्या वेळांसकट तोंडपाठ असलेली ती मुलगी निघून गेली, आणि मी काय घ्यायला आले होते ते मला क्षणभर आठवेना.

वाढदिवसाला औषधासारखं काही देऊ नये, असं आपल्याकडे मानतात. मंगल दिवशी दुखण्याची आठवण कशाला, असं वाटतं. मला ते पटत नाही. औक्षण करताना आपण उदंड आयुष्यच मागतो ना? आयुष्य मागायचं आणि हाडांचं नाव काढायचं नाही, हे कसं? शिवाय अंगी लागणारं काही भेट द्यायची चाल आपल्याकडे चांगली जुनी आहे. बाळंतविड्यात बाळाला झबली-टोपडी असतात, आणि बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू, खारीक, खोबरं, ओवा, बाळंतशेपा, हळीव. हळीव हा दिसायला किती क्षुद्र दाणा! विटकरी, मोहरीहून जरासा लांबट. नारळाच्या पाण्यात भिजला की फुगून बुळबुळीत होतो, मग ओलं खोबरं आणि गूळ घालून त्याचे लाडू वळतात. लोह त्यात भरपूर. माहेरून आलेल्या त्या डब्याला कुणी कधी अशुभ म्हटलेलं नाही.

वाढदिवसाचंही तसंच. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांचा 'धर्मसिंधु' अठराव्या शतकाच्या अखेरचा. त्यात वर्धापनाचा विधी आहे: जन्मतिथीला तीळ लावून स्नान, चिरंजीवांचं पूजन, मार्कंडेयाची प्रार्थना, आणि मग तीळ नि गूळ घातलेलं दूध प्यायचं. किती, तर अर्धी ओंजळ. मला त्या विधीतलं हे माप फार आवडतं. सोळाव्या वर्षी मरण लिहिलेल्या मुलाचं नाव घ्यायचं, दीर्घायुष्य मागायचं, आणि प्यायचं मात्र अर्धीच ओंजळ. ओंजळही ज्याची त्याची. पोराची लहान, बापाची मोठी.

दुकानातून बाहेर पडले तेव्हा मात्र मनात मार्कंडेय नव्हता, लूसी विल्स होती. परळवरून जाताना हाफकिन संस्थेच्या आवारातली झाडं दिसली की मला ती हटकून आठवते. इंग्लंडात १८८८ साली १० मे रोजी जन्मलेली ही बाई केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकली. त्या काळी केंब्रिज बायकांना परीक्षा देऊ देई, पदवी देत नसे. पुढे ती लंडनमध्ये डॉक्टर झाली आणि १९२८ साली मुंबईला, याच हाफकिन संस्थेत काम करायला आली. कशासाठी, तर इथल्या गरोदर बायका पांढऱ्याफटक पडत होत्या, धापा टाकत होत्या आणि बाळंतपणाच्या आगेमागे मरत होत्या. त्यांत गिरणीत राबणाऱ्या होत्या, चाळींच्या अंधाऱ्या खोल्यांत राहणाऱ्या होत्या. त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी थोड्या होत्या आणि नेहमीपेक्षा मोठ्या होत्या. म्हणजे हा नुसता लोहाच्या कमतरतेचा पांडुरोग नव्हता; त्यात पेशी लहान होतात.

लूसी विल्सनं सूक्ष्मदर्शक तर लावलाच, पण तिनं ताटंही तपासली. कोण काय खातं, कुणाला दूध मिळतं, भाजी किती, फळ कधी. मेहता आणि तळपदे या सहकाऱ्यांबरोबरचे तिचे तेव्हाचे लेख आहेत. त्यांत मुंबईतल्या बायकांच्या आहाराची आणि राहणीची पाहणी आहे. जिच्या ताटात भाजी, फळं, दूध सगळ्यांत कमी, तिला हा आजार जास्त, असं तिला दिसलं. तळपदे हे नाव वाचलं की मला बरं वाटतं. परळच्या त्या प्रयोगशाळेत कुणीतरी आपल्यातलं होतं, भाकरी म्हणजे किती नि कालवण म्हणजे काय, हे त्या परक्या बाईला समजावून सांगणारं.

मग तिनं तेच खाणं उंदरांना घातलं. उंदरांनाही पांडुरोग झाला, पण त्यांच्या अंगावरच्या उवांतून पसरणाऱ्या एका जंतूनं सगळा हिशेब गढूळ करून टाकला. पुढे एका माकडाला मुंबईच्या गरीब बायकांसारखा आहार दिला. तेही पांढरं पडलं. त्याला मार्माइट दिलं, आणि ते सुधारलं.

मार्माइट म्हणजे बिअर गाळून झाल्यावर तळाशी उरणाऱ्या यीस्टचा अर्क. इंग्लंडात १९०२ पासून त्याचा कारखाना आहे. काळपट, चिकट, खारट. पावाच्या तुकड्यावर अगदी पातळ फासून खातात. मी ते खाल्लंय आणि मला आवडलंय, हे सांगितल्यावर घरी कुणाचा विश्वास बसत नाही. इंग्रजांच्या नाश्त्याच्या टेबलावरची ती स्वस्तातली बरणी लूसी विल्सनं मुंबईच्या बाळंतिणींसाठी उघडली. मरणाच्या दारातल्या बायकांना काही दिवसांतच भूक लागू लागली, आणि त्यांच्या रक्तात कोवळ्या तांबड्या पेशी दिसू लागल्या. १९३१ साली तिनं हे ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापलं. मार्माइटमध्ये नेमकं काय होतं, ते तिला ठाऊक नव्हतं. यकृताचा शुद्ध अर्क दुसऱ्या एका जीवघेण्या पांडुरोगाला लागू पडे, पण या बायकांना त्याचा उपयोग झाला नाही. कच्च्या अर्काचा झाला, आणि यीस्टचा झाला. म्हणजे दोहोंत आणखी काहीतरी होतं. त्या काहीतरीला पुढे लोक 'विल्स फॅक्टर' म्हणू लागले.

१९४१ साली अमेरिकेत काही संशोधकांनी चार टन पालक घेऊन त्यातून ते चिमूटभर वेगळं काढलं. चार टन! मंडईतल्या पालकाच्या जुड्या मोजताना माझी नजर अजून कधीकधी त्या आकड्यावर अडते. आणि १९४५ मध्ये लेडर्ली प्रयोगशाळेत ते कृत्रिमरीत्या तयार झालं. त्या चमूचा प्रमुख आंध्रातल्या भीमवरमचा येल्लाप्रगडा सुब्बाराव होता. त्याचे दोन भाऊ तरुणपणीच स्प्रू नावाच्या आतड्याच्या विकारानं गेले होते. आता ज्याला आपण फोलिक ॲसिड म्हणतो, ते त्या विकारावरही चालतं. भावांना वाचवायला ते सुमारे दोन तपं उशिरा आलं. तरीही आलं, आणि कितीतरी अनोळखी भावांना, बहिणींना मिळालं.

२०१९ च्या १० मेला, लूसी विल्सच्या एकशे एकतिसाव्या जन्मदिवशी, गूगलनं आपल्या पानावर तिचं चित्र लावलं होतं. मला त्या दिवशी खूप आनंद झाला. आज आरोग्य केंद्रात गरोदर बायकांना लोहाबरोबर जी फोलिक ॲसिडची गोळी मिळते, शाळेतल्या मुलींना आठवड्यातून एकदा जी निळी गोळी देतात, तिची सुरुवात परळला झाली, हे मुंबईतल्या प्रत्येक शाळेत सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं. १९९१ साली हेही पक्कं झालं की गर्भ राहण्याआधीपासून फोलिक ॲसिड घेतलं तर बाळाच्या पाठीच्या कण्यातले काही गंभीर दोष टळतात. गर्भ राहण्याआधीपासून. आणि म्हणूनच ही गोळी भेट म्हणून द्यायची नसते. नुकतं लग्न झालेल्या भाचीच्या हातात ती ठेवणं म्हणजे तिला प्रश्न विचारण्यासारखं आहे, आणि तो प्रश्न विचारायचा हक्क मावशी-आत्यांना नाही. तिनं आपणहून विषय काढला तर गोष्ट वेगळी.

आणखी एक कारण पुण्याचं आहे. तिथल्या केईएम रुग्णालयाच्या संशोधकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या आया आणि त्यांची मुलं यांचा माग ठेवला. डॉ. चित्तरंजन याज्ञिक हे त्यातलं मोठं नाव. बायकांच्या रक्तात फोलेट, म्हणजे हेच फोलिक ॲसिड, पुरेसं होतं, पण निम्म्याहून अधिक जणींत बी-१२ कमी होतं. ज्या आयांचं फोलेट चढं आणि बी-१२ उतरलेलं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षीच इन्सुलिनचा प्रभाव सगळ्यांत कमी पडताना दिसला. २००८ साली हे प्रसिद्ध झालं. ज्या एका गोष्टीनं परळच्या बायका वाचल्या, तीच दुसरीची सोबत नसेल तर पुण्याजवळच्या खेड्यात वेगळी वागताना दिसते. बी-१२ जंतू तयार करतात. भाजी-भाकरीत ते नसतं. दुधा-दह्यात असतं, मांस-मासळीत भरपूर असतं. ज्या घरात मांस-मासळी नाही आणि दूध चहापुरतंच येतं, त्या घरात ते कुठून यायचं?

हे सगळं मला माझ्या मावशीनं वाचायला लावलं, म्हणजे तिच्या पायांनी. पायांना मुंग्या येतात, असं ती कितीतरी दिवस म्हणत होती. जन्मभर शाकाहारी, आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणारी. त्या औषधानं बी-१२ कमी होऊ शकतं. तिची सत्तरी आली तेव्हा मी विचारलं, "काय आणू?" ती म्हणाली, "साडी आणू नकोस बाई, कपाट लागत नाही माझं." मग मी तिला रक्त तपासायला नेलं. गोळ्या सुरू करण्याआधी तपासायचं, कारण नंतर रक्तातला आकडा वर जातो आणि मूळचं काही कळत नाही. बी-१२ कमीच निघालं. तिच्या डॉक्टरांनी औषध ठरवलं, आणि मी ते घेऊन गेले. सोबत मोगऱ्याचा गजरा होता, तोही हवाच. तिनं आधी गजरा माळला, मग चष्मा लावून खोक्यावर हिरवा ठिपका आहे का ते शोधलं. मी तो दुकानातच बघून घेतला होता, कारण बऱ्याच कॅप्सूलचं कवच जिलेटिनचं असतं, आणि जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यातून येतं. औषधातल्या डी जीवनसत्त्वाचं मात्र तिला नवल वाटलं. ते बहुतेक वेळा मेंढीच्या लोकरीतल्या मेणावर अतिनील किरणं सोडून करतात. ऊन अंगावर घेऊन कातडी जे करते, तेच कारखान्यात करतात. "मेंढीला काही इजा?" तिनं विचारलं. लोकर तर एरवीही कातरतातच, मी सांगितलं. "मग चालेल," ती म्हणाली, आणि लहानपणी गावाबाहेर धनगरांची मेंढरं शेतात बसायची, त्याच्या गोष्टी सुरू झाल्या. त्या दुपारी मला कळलं की खतासाठी मेंढरं बसवायची म्हणून माझ्या आजोबांनी एका वर्षी धनगरांना ज्वारीचं पोतं दिलं होतं. हे मला कुणी कधीच सांगितलं नव्हतं.

दुकानात आता भेटीसाठीच सजवलेल्या बरण्याही दिसतात. केस, त्वचा, नखं यांसाठी म्हणून गुलाबी गोळ्या, चघळायच्या, गोड. त्या मी कुणाला देणार नाही. त्यांत बहुधा बायोटिन असतं, आणि त्याचं प्रमाण फार झालं तर थायरॉईडच्या, अगदी हृदयविकाराच्या तपासणीचेही आकडे चुकू शकतात. आणि मुलीला तिच्या वाढदिवशी तुझे केस पातळ झालेत असं का सुचवायचं? वजन कमी करायचं काही देणं तर मला क्रूर वाटतं. बरणीवर भेटीची फीत लावलेली असली तरी.

पुढच्या महिन्यात भाच्याचा वाढदिवस आहे. तो व्यायामशाळेत जातो आणि व्हे प्रोटीनचे भले मोठे डबे आणतो. व्हे म्हणजे दूध नासल्यावर सुटणारं पाणी, आणि ते माझ्या आजीला चांगलं ओळखीचं होतं. दूध नासलं की ती छाना गाळून घ्यायची आणि खाली उरलेल्या पाण्यात थालीपिठाची भाजणी भिजवायची. टाकायचं नाही, ताकद असते त्यात, म्हणायची. भाच्याच्या डब्यातली पूड म्हणजे चीज करताना उरणारं तेच पाणी, गाळून, वाळवून. मी त्याच्या आईला विचारलं. मूत्रपिंडाचा काही त्रास नाही, दूध पचतं, दिवसाला एकच पेला घेतो. चॉकलेटची चव मात्र त्याला मुळीच आवडत नाही. मित्रांबरोबर मिळून घेतलं की स्वस्तात पडतं म्हणून तेच पितो. मी बिनचवीचं घेणार आहे, आणि त्याबरोबर घरची भाजणी एक किलो.