वाणीचें तप

जेवणापूर्वीं गीतेचा पंधरावा अध्याय म्हणण्याचा परिपाठ आमच्या घरीं आजोबांपासून चालत आला आहे. महाराष्ट्रांत अशीं घरें पुष्कळ आहेत. परंतु नित्य पाठाचा एक स्वभाव असा कीं, शब्द जिभेवर इतके गुळगुळीत होतात कीं ते अंतःकरणाला बोचेनासे होतात. म्हणून गेलें वर्षभर मीं एकाच श्लोकाच्या सहवासांत राहावयाचें ठरविलें. तो पांचव्या अध्यायांतील अठरावा. विद्याविनयसंपन्न ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि श्वपाक या सर्वांकडे ज्ञाते समदृष्टीनें पाहतात, असा त्याचा आशय.

या श्लोकावर एक ठराविक कोटी ऐकूं येते. भगवंतांनीं समदर्शन सांगितलें, समवर्तन सांगितलेलें नाहीं! हत्तीला व कुत्र्याला एकच चारा घालतां येत नाहीं, एवढ्यापुरती ती मला मान्य आहे. पण माणसामाणसांतील अंतर राखण्याकरितां ती पुढें केली जाते, तेव्हां विचारावेंसें वाटतें: जी दृष्टि वर्तनांत कोठेंच उतरत नाहीं, ती अंगीं आहे हें ओळखावें कशावरून?

याचें उत्तर गीतेंतच सांपडतें. सतराव्या अध्यायांत शरीराचें, वाणीचें व मनाचें असें त्रिविध तप सांगितलें आहे. त्यांपैकीं वाणीचें तप म्हणजे दुसऱ्यास उद्वेग न देणारें, सत्य, प्रिय आणि हितकर भाषण, व त्याजबरोबर स्वाध्यायाचा अभ्यास. आपण नित्य पाठ करितों तो या तपाचा उत्तरार्ध होय. पूर्वार्ध राहिला तो बोलण्याचा. आणि मनांतील दृष्टि सर्वांआधीं बाहेर पडते ती बोलण्यांतूनच.

नंदुरबार जिल्ह्यांत राहणाऱ्यास हा विचार टाळतां येत नाहीं. २०११ च्या जनगणनेप्रमाणें जिल्ह्याची लोकसंख्या सुमारें साडेसोळा लक्ष. त्यांत शेंकडा ६९ हून अधिक लोक अनुसूचित जमातींचे. शेतावरचा सालदार, मिरचीच्या पथारीवर राबणारी बाई, सातपुड्यांतून बाजाराला आलेला म्हातारा, यांच्याशीं आपला रोजचा संबंध. आणि वडिलांच्या वयाच्या त्या माणसाला दहा वर्षांचें पोर ‘अरे’ म्हणतें. तें ऐकून घरांत कोणाला कांहीं खटकत नाहीं.

याच प्रदेशांत तळोदें तालुक्यांतील मोरवडच्या गुलाम महाराजांनीं भिल्ल समाजांत ‘आप’ धर्माचा उपदेश केला. दारू सोडावी, स्वच्छ राहावें, आरतीला जमावें, आणि परस्परांना ‘आप’ म्हणावें. १९३८ सालीं ते निवर्तले. पुढें त्यांचे बंधु रामदास महाराज यांनीं तें कार्य चालविलें. ज्यांना पिढ्यान् पिढ्या ‘अरे-तुरे’ ऐकावें लागलें, त्यांनीं दुसऱ्याकडून मान मागण्यापूर्वीं तो एकमेकांस देण्यास आरंभ केला! वाङ्मय तपाचा याहून सोपा पाठ मला ठाऊक नाहीं.

त्याआधीं सहा वर्षें, १९३२ सालीं, धुळ्याच्या तुरुंगांत विनोबांनीं दर रविवारीं एक याप्रमाणें गीतेच्या अठरा अध्यायांवर प्रवचनें दिलीं व सानेगुरुजींनीं तीं लिहून घेतलीं. नंदुरबार तेव्हां धुळें हें मुख्य ठाणें असलेल्या पश्चिम खानदेशांतच मोडत असे. या दोन गोष्टींचा परस्परसंबंध जोडण्याचा माझा हेतु नाहीं. एवढेंच मनांत येतें कीं, तुरुंगांतील कैद्यांना कळेल अशा मराठींत गीता सांगणारा आणि डोंगराच्या पायथ्याशीं ‘आप’ म्हणावयास शिकविणारा, असे दोघेही आपल्या शेजारीं होऊन गेले.

भाषाशास्त्राची एक गोष्ट येथें मोठी अर्थपूर्ण वाटते. हिंदींतील ‘आप’ आणि मराठींतील ‘आपण’ हे दोन्ही शब्द संस्कृत ‘आत्मन्’ पासून प्राकृताच्या वाटेनें आलेले आहेत. सहाव्या अध्यायांत योगी सर्व भूतांच्या ठायीं आत्मा पाहतो असें म्हटलें आहे. त्या दर्शनाची योग्यता आपणां प्रापंचिकांच्या अंगीं केव्हां येईल तें येवो. पण समोरच्या माणसाला ‘आपण’ म्हणतांना निदान शब्द तरी आत्म्याचा उच्चारला जातो. दृष्टि मागाहून येते, वाणीला मात्र आजच वळण लावतां येतें.

कोणी म्हणेल, संबोधनानें कोणाची मजुरी वाढत नाहीं. तें यथार्थ आहे, आणि मजुरीचा प्रश्न गोड शब्दांनीं झांकूंही नये. परंतु ज्याला आपण ‘अरे’ म्हणतों त्याच्या श्रमाचें मोल ठरवितांना हात आंखडतो, हाही अनुभव आहे. पाठांतराच्या स्पर्धेंत मुलानें बक्षीस मिळविलें तर आनंदच आहे. त्याजबरोबरच सालदाराला ‘काका’ आणि पथारीवरच्या बाईला ‘मावशी’ म्हणावयास त्याला शिकवावें. त्याला श्लोकाचा अर्थ समजला किंवा नाहीं, याची परीक्षा त्या दोघांनीं घ्यावयाची आहे; परीक्षकांनीं नव्हे.