केडगावच्या वाटेवर

प्रवासाला निघालेल्या कुटुंबाची खरी परीक्षा गाडीत होते, असे आमच्या आत्याबाई नेहमी म्हणतात. घरात ज्याचा त्याला कोपरा असतो आणि रुसवेफुगवे पदराआड झाकता येतात. गाडीत मात्र सात माणसांना दोन बाकांवर गुडघ्याला गुडघा लावून बसावे लागते आणि प्रत्येकाचा स्वभाव त्याच्या तोंडून बाहेर पडतो. गेल्या माघात चुलतभावाच्या मुलाच्या मुंजीसाठी आम्ही सहकुटुंब पुण्याहून नगरास निघालो. २०२४ पासून त्या शहराचे नाव अहिल्यानगर झाले आहे. परंतु आमच्या घरात अद्याप नगरच म्हणतात. या प्रवासात त्या परीक्षेत जो नापास झाला, तो मीच.

झाले ते इतकेच. गाडी सुटल्यावर दादांनी विचारले, "अहेराची पिशवी कोणाकडे आहे?" पिशवी घरी देव्हाऱ्यापाशीच राहिली होती. ती घेण्याचे काम वहिनींकडे होते. पहाटे चारपासून त्या सात माणसांच्या दशम्या आणि धपाटे करीत होत्या, हे मी डोळ्यांनी पाहिले होते. तरीही मी म्हणालो, "वहिनी, तुमच्यावर एखादे काम सोपवावे आणि निश्चिंत व्हावे, असे या घरात कधी घडायचेच नाही!" डब्यातल्या चार परक्या माणसांनी ते ऐकले. वहिनी काही बोलल्या नाहीत. त्यांनी तोंड खिडकीकडे फिरविले आणि लोणी, उरुळी, यवत ही स्टेशने मागे पडेपर्यंत ते तसेच ठेविले. मौज अशी, की त्यानंतर लगेच शेजारच्या एका अनोळखी गृहस्थांना मी अतिशय विनयाने म्हणालो, "आपण थोडे सरकाल का? फार उपकार होतील."

केडगावी उतरावयाचे, हा आत्याबाईंचा हट्ट. त्यांनी आयुष्यभर शाळेत मराठी शिकविले. पंडिता रमाबाईंचे स्थान एकदा डोळ्यांनी पाहावे, अशी त्यांची फार दिवसांची इच्छा होती. मुक्ती मिशनकडे आगाऊ पत्र पाठवून त्यांनी परवानगीही मिळविली होती. पुणे-दौंड लोहमार्गावरील हे लहानसे स्टेशन. भोवताली उसाचे फड, आणि हवेत गुऱ्हाळांतून येणारा काकवीचा वास. मिशनचे आवार विस्तीर्ण आहे. जुनी झाडे, भव्य प्रार्थनामंदिर, आणि वर्गांतून ऐकू येणारा मुलींचा पाठ. निराधार स्त्रिया आणि मुली यांचा सांभाळ तेथे आजही होतो. आम्ही सावकाश, आवाज न करता हिंडलो. मुलेसुद्धा गप्प होती.

प्रवास म्हणजे काय, हे रमाबाईंइतके कोणाला कळले असेल? त्यांचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीस संस्कृत शिकविले म्हणून स्वजनांचा रोष पत्करला आणि पुढे साऱ्या कुटुंबासह तीर्थोतीर्थी पुराणे सांगत ते फिरत राहिले. १८७४ च्या सुमारास दुष्काळात थोड्याच काळात आईवडील गेले. मग भाऊबहीण पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी या तरुण मुलीस 'सरस्वती' म्हणून गौरविले. पुढे भाऊ गेला, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत पती गेले, आणि कडेवरच्या मनोरमेसह १८८३ साली त्या विलायतेस गेल्या.

झाडाच्या सावलीत दशम्या सोडून बसल्यावर आत्याबाईंनी पुढची हकीकत सांगितली. रमाबाईंनी त्याच वर्षी वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. त्यापूर्वी काही दिवस त्या लंडनच्या फुलहॅम भागात ख्रिस्ती भगिनींच्या एका आश्रमात राहिल्या होत्या. समाजाने 'पतित' म्हणून टाकलेल्या स्त्रियांना तेथे मायेने वागवीत, आणि त्यांतल्या कित्येकजणी आता स्वतःच आजाऱ्यांची सेवा करीत होत्या. अशा स्त्रियांना कोणी जवळ करावे, ही कल्पनाच रमाबाईंना नवी होती. त्यांनी विचारले, 'ही बुद्धी तुम्हांस कोठून झाली?' उत्तरादाखल एका भगिनीने शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविली.

ती कथाही प्रवासातलीच आहे. भर दुपारी, वाटेने थकलेला येशू सुखार गावाजवळच्या विहिरीवर बसला आहे. शिष्य अन्न आणावयास गावात गेले आहेत. एक स्त्री घागर घेऊन येते. ती शोमरोनी, हा यहुदी. त्या दोन समाजांचा एकमेकांशी व्यवहार नव्हता. तिचे पाच संसार होऊन गेलेले आणि सध्याचा सोबती नवरा नव्हे. अशा स्त्रीजवळ येशू पहिली गोष्ट करतो ती ही, की तो तिच्याकडे प्यावयास पाणी मागतो.

ज्या घरांत पाण्याचे सोवळे पिढ्यान्‌पिढ्या पाळले गेले, त्या आपल्या घरांना या मागण्याचे मोल समजावून सांगावयास नको. कोणाच्या हातचे पाणी चालते आणि कोणाच्या हातचे चालत नाही, एवढ्या एका प्रश्नावर आपल्या पूर्वजांनी माणसांची प्रतवारी लाविली. तिला 'तू शुद्ध आहेस' असे एकदाही न म्हणता त्याने ते एका मागणीने सांगून टाकले. पुढे तिच्या आयुष्याची खरी हकीकतही तो बोलून दाखवितो. एक अक्षर लपवीत नाही. परंतु त्या बोलण्यात हेटाळणी नाही. म्हणूनच ती स्त्री लाजून पळत नाही. घागर तेथेच टाकून ती गावकऱ्यांना बोलवावयास जाते.

कोणी म्हणेल, एवढ्यासाठी ख्रिस्ती ग्रंथाकडे कशाला जावयास हवे? वाणीचे तप गीतेच्या सतराव्या अध्यायात सांगितलेच आहे. बोलणे दुसऱ्यास न दुखविणारे, सत्य, प्रिय आणि हितकर असावे, हे आम्ही मुंजीपासून ऐकतो. हे खरेच आहे, आणि दोन्ही शिकवणी एकमेकींस पोषकच आहेत. परंतु सत्य आणि प्रिय यांची सांगड घालावी कशी, येथेच माझ्यासारख्याचे पाऊल अडते. 'मी खोटे काय बोललो?' असे म्हणून आपण आपल्या तिखट जिभेचे समर्थन करतो. पिशवी विसरली होती, हे सत्यच होते! विहिरीवरची कथा मला असे सांगते, की सत्य उंचावरून फेकले म्हणजे तो दगड होतो. बोलणारा आधी खाली उतरला, आपणही गरजवंत आहोत हे त्याने कबूल केले, म्हणजे तेच सत्य ऐकणाऱ्यास सोसते.

रमाबाई १८९६-९७ च्या दुष्काळातील अनाथ स्त्रियांना आधार देऊन थांबल्या नाहीत. साध्या बायकांना वाचता यावे अशा सोप्या मराठीत त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून बायबल उतरविले, आणि १९२२ साली मृत्यू येईपर्यंत ते काम केले. छपाईचे काम मुक्तीतल्या स्त्रियांनीच केले. जी विदुषी पंडितांच्या सभेत संस्कृतातून बोलली, तिने अखेर आपली भाषा विहिरीवरच्या बाईला कळेल अशी केली.

दौंडास आम्ही गाडी बदलली. आता आत्याबाईंना रेव्हरंड नारायण वामन टिळकांची आठवण झाली, कारण त्यांची कर्मभूमी नगरच. १८९३ साली नोकरीच्या शोधात टिळक नागपुराहून राजनांदगावास चालले असता गाडीत एक युरोपियन गृहस्थ भेटला. त्याने या कफल्लक कवीशी आदराने काव्यशास्त्राच्या गोष्टी केल्या आणि उतरण्यापूर्वी 'नव्या करारा'ची प्रत हाती ठेविली. डोंगरावरील प्रवचनाने टिळकांचे मन वेधले, आणि १८९५ साली मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

"पण त्यापायी लक्ष्मीबाईंची काय दशा झाली, तेही सांगा की," वहिनी म्हणाल्या. सकाळपासूनचा हा त्यांचा पहिला शब्द.

"खरे आहे गं," आत्याबाई म्हणाल्या. "वर्षानुवर्षे ती नवऱ्यापासून दूर राहिली. जवळ आल्यावरही तिने आपले सोवळे सोडले नाही, आणि टिळकांनी सक्ती केली नाही. १९०० साली तिने बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या विचाराने. टिळक मोठे शीघ्रकोपी होते बरं का! 'स्मृतिचित्रां'त तिने ते लपविलेले नाही. रागवायचे, आणि मग पश्चात्तापाने लहान मुलासारखे व्हायचे."

आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिले नाही. पण ते वाक्य कोणासाठी होते, हे मला कळले. याकोबाच्या पत्रात जिभेला ठिणगीची उपमा दिली आहे. एवढ्याशा ठिणगीने सारे रान पेटते. माझी ठिणगी पुण्यास पडली होती आणि तिची धग भीमेच्या पुलापर्यंत पोहोचली होती. परक्या गृहस्थापाशी मी जे आर्जव खर्चिले, त्यातले चिमूटभर घरच्या माणसासाठी शिल्लक ठेविले नव्हते. घरच्यांनी समजून घ्यावे, हा आपण हक्क समजतो, आणि त्या हक्काच्या जोरावर त्यांनाच सर्वांत कठोर शब्द ऐकवितो.

पूल ओलांडल्यावर मी म्हणालो, "वहिनी, तांब्यातले थोडे पाणी देता का?" त्यांनी पेला भरून पुढे केला. मी म्हणालो, "सकाळी मी चारचौघांत तुम्हांला बोललो, ते माझे चुकले. पिशवीची आठवण मीही ठेवायला हवी होती." हे मी त्याच चारचौघांच्या समक्ष म्हणालो, कारण जखम जेथे केली तेथेच मलमपट्टी केली पाहिजे.

वहिनी क्षणभर थांबल्या. "भाऊजी, शब्द लागला होता, हे मी नाही म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "पण आता पाणी प्या. अहेराचे नगरात पाहू."

अहेर आम्ही नगरच्या कापडबाजारात घेतला, आणि तो वहिनींच्या पसंतीने. मुंज उत्तम पार पडली. परतीच्या प्रवासात पिशव्या मोजण्याचे काम मी स्वतःकडे घेतले. एक छत्री विसरलो. कोणी काही बोलले नाही.